सहीचा अधिकार कुणाला?

ऑफिसात आज एखादं नवं काम सुरू होणार असेल, तर निघण्याआधी कोकण रेल्वे आठवून पाहा. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, नव्वदाहून अधिक बोगदे. १९९० साली अभियंते ई. श्रीधरन यांनी या कामाची सूत्रं हाती घेतली आणि जानेवारी १९९८मध्ये सगळा मार्ग खुला झाला.

त्यांनी मार्गाचे सात विभाग पाडले आणि प्रत्येकावर मुख्य अभियंता नेमला. नुसतं पद दिलं नाही, निर्णयाचे अधिकारही दिले. मला ही गोष्ट सगळ्या यंत्रांहून मोठी वाटते. गोव्यातला पेडण्याचा बोगदाच घ्या. आत पाण्यानं भिजलेली भुसभुशीत माती. उकरावी तेवढी वरून पुन्हा खाली यायची. तिथं माणसांचे जीव गेले. अशा जागी वरच्या ऑफिसातून फाईल परत येण्याची वाट बघत बसता येत नाही.

आपल्याकडे कामं रखडली की माणसांना कामचुकार ठरवलं जातं. ते बहुतेक वेळा खरं नसतं. काम जिथं अडलंय तिथं उभ्या असलेल्या माणसाच्या हाती काही नसतं, म्हणून तो थांबतो.

तेव्हा आजच्या बैठकीत वेळापत्रकाच्या आधी एवढं ठरवा : किती रकमेपर्यंतचा खर्च आणि कोणते बदल जागेवरचा माणूस कुणालाही न विचारता करू शकेल. त्याचा निर्णय चुकला, तर पाठीशी कोण उभं राहणार, तेही त्याच्यादेखतच सांगा.