अर्धा आटा

पंपावरच्या पोरानं सायलेन्सरमध्ये नळी घातली, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, फेल आहे." कार्बन मोनॉक्साइड ४.१ टक्के. आमच्या गाडीला मर्यादा ३ टक्के.

गाडी म्हणजे १९९८ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. बाबांनी नरखेडमध्येच सेकंडहँड घेतलेली. संत्र्याच्या बागेतल्या फेऱ्या, काटोलचा बाजार, आजीचा दवाखाना, सगळं तिच्यावरच झालं. तिला मोडीत काढू असं आमच्या घरात म्हणायची सोय नाही.

मग मेकॅनिककाका. एअर फिल्टर झटकला तर मूठभर माती निघाली. प्लग काळेकुट्ट. चोक पूर्ण उघडतच नव्हता, म्हणजे गाडी कित्येक महिने फुकट जादा पेट्रोल पीत होती. हे सगळं नीट करून, मोवाड रोडला चक्कर मारून इंजिन तापवून पुन्हा पंपावर गेलो. ३.३. परत फेल.

काकांनी मग कार्ब्युरेटरचा मिक्श्चर स्क्रू अर्धा आटा कसला. पेट्रोल कमी, हवा जास्त. २.४. पास! वर काकांचा सल्ला, "आता परत घेऊन ये. थो अर्धा आटा उलटा करून देतो. नाही त सकायी थंडीत लय सतावन तुले."

मी घेऊन गेलो. दोन मिनिटांचं काम.

रात्री पीयूसीचा कागद गाडीत ठेवताना तो आकडा बघितला आणि जरा विचित्र वाटलं. २.४ हा आकडा ज्या गाडीचा होता ती गाडी दुपारी तासभरच अस्तित्वात होती. कागद मात्र सहा महिन्यांचा.

गाडी न नेता, नुसत्या फोटोवर पीयूसी काढून देणारेही असतात, हे तुम्ही ऐकलंच असेल. त्यांच्या मानानं मी साधूच. पण मला टोचत होतं ते वेगळंच. फिल्टर, प्लग, चोक ही परीक्षेची तयारी होती, आणि ती नंतरही गाडीत राहिली. स्क्रू कसणं ही तयारी नव्हती, कारण तो कसतानाच उलटा फिरवायचं ठरलेलं होतं. काकांना हे बोललो तर म्हणाले, "पेपर झाल्यावर अभ्यास कोनाच्या ध्यानात राह्यते?" बिनतोड! पण विसरणं आणि मुद्दाम पुसून टाकणं यात फरक आहे ना? शुगर तपासायच्या आधी दोन दिवस गोड सोडणारे आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. ते निदान स्वतःलाच फसवतात.

२०१५ मध्ये फोक्सवॅगन पकडली गेली. त्यांच्या डिझेल गाड्यांमधलं सॉफ्टवेअर तपासणी चालू आहे हे ओळखायचं, तेवढ्यापुरता धूर साफ करायचं आणि रस्त्यावर सोडून द्यायचं. जगभरात जवळपास १ कोटी १० लाख गाड्या. तेव्हा कॉलेजच्या ग्रुपवर मीही तावातावानं लिहिलं होतं. आमच्याकडे सॉफ्टवेअर नाही, स्क्रूड्रायव्हर आहे.

मन मोठं वकील असतं. म्हणालं, हा स्क्रू मुख्यतः गाडी उभी असतानाच काम करतो, धावताना त्याचा फारसा संबंध नाही. खरं आहे. पण आमची गाडी उभी कुठे असते? भाचीच्या शाळेसमोर, सुटायच्या वेळी, इंजिन चालू ठेवून. पहिलीतल्या पोरांचं नाक सायलेन्सरपासून फार वर नसतं. या वायूला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीनं घट्ट चिकटतो.

वकिलाचा दुसरा मुद्दा, म्हाताऱ्या गाडीकडून किती अपेक्षा करायची? पण कायद्यानं ती आधीच कमी केली आहे. बीएस-४ गाडीला मर्यादा ०.३ टक्के, आमच्या गाडीला तिच्या दहापट. तिच्यानं होणार नाही ते कुणी मागतच नाही. होईल तेवढं मागितलं, तर मी त्यातही अर्धा आटा मारला.

शनिवारी जाऊन तो परत कसून आणला. काका हसले, पैसे घेतले नाहीत.

आता सकाळी तीनदा स्टार्टर मारावा लागतो. क्लच सोडला की गाडी आचका देते, कधी बंदच पडते. बाबा मागच्या सीटवरून विचारतात, "पास झाली म्हनत होता ना तू? मंग बिघडली कशी?"