एक रुपयाचं धान्य

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सकाळी ज्वारीचे फ्लेक्स मिळायला लागले, तेव्हा मी लगेच घेतले. वर दूध ओतलं, फोटो काढला, सोलापूरला आईला पाठवला. तिचा मेसेज आला, "शिळी भाकरी कुस्करलीस होय?"

आमच्या घरचा नाश्ता तोच. रात्रीची भाकरी, दही, शेंगाचटणी. इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर गेलो तेव्हा आईने कडक भाकऱ्या बांधून दिल्या होत्या. त्या मी कपाटात लपवल्या आणि मित्रांबरोबर ब्रेड-बटर खाल्लं. मला कुणी चिडवलं नव्हतं. कुणी चिडवेल, एवढ्या भीतीवर चार वर्षं काढली.

ज्वारीला सरकारी नाव 'भरड धान्य'. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ किलोला ३ रुपये, गहू २ आणि भरड धान्य १ रुपया असा दर ठरला. २०१८मध्ये केंद्राने त्याच धान्याला 'पौष्टिक' म्हटलं, २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं मिलेट वर्ष झालं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही आहे. दाणा होता तसाच आहे. माझी लाज गेली ती या शिक्क्यांमुळे, हे कबूल करायला जड जातं. उद्या शिक्का बदलला तर मी पुन्हा कपाट उघडणार का?

मंगळवेढ्याकडे तात्यांचं रान आहे. पाणी आल्यापासून त्यांनी बराच ऊस लावलाय. मी मोठ्या उत्साहाने फोन केला, "तात्या, ज्वारी सोडू नका, आता मागणी आहे."

"खायला तुमी हायसा रं. वाकून उपटाया कोण? मशीन घालावं तर कडब्याचा चुरा हुतोय, मग जनावरं काय खातील?"

मी म्हणालो, चांगला भाव मिळाला तर? ते हसले. "दे की मग उसाएवढा."

कापड घेतो म्हणून कुणी माग चालवायला बसत नाही, हे खरंय (सोलापूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको). पैसे मोजले की खाणाऱ्याचं काम संपतं, असंही म्हणता येईल. पण मी तात्यांकडे नुसतं धान्य मागत नव्हतो. माझं बालपण जसंच्या तसं ठेवा म्हणत होतो, तेही त्यांच्या कंबरेच्या जिवावर. आधी भाकरी लपवली, आता तिच्यामागची मेहनत नजरेआड करत होतो.

यंदा त्यांनी दोन एकर मालदांडी पेरलीय, घरापुरती. काढणी फेब्रुवारीत. "येतोस का?" असं त्यांनी विचारलंय. रजा शिल्लक आहे, अर्ज अजून केलेला नाही.