गंजावरचा रंग



मुळशीकडून येणारा पाऊस आपल्या बावधनला चार महिने भिजवून काढतो आणि तो सरला की जुन्या गाडीचा गंज डोळ्यांत भरतो. चाकांनी उडवलेला चिखल मडगार्डच्या आत साचलेला असतो. दरवाजाच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात, ती बुजली की पाणी आतच राहते. जुन्या चेतक स्कूटरचा पायाखालचा पत्रा रबरी मॅटखाली असाच सडत जातो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून वरचा रंग फोडासारखा उचलला जातो. फोड दिसू लागतो तोवर आतून पत्रा बराच खाल्लेला असतो.

आता ही गाडी विकायची आहे. मेकॅनिककडे दोन मार्ग असतात. पहिला मार्ग म्हणजे फोड खरवडायचा, वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासायचे, सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, मग प्रायमर, गरजेपुरती लांबी आणि शेवटी रंग. दुसरा मार्ग म्हणजे गंजावरच लांबी भरायची आणि वरून रंग मारायचा. खर्च कमी, वेळ कमी. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या तर पहिल्या दिवशी डोळ्यांना फरक दिसणार नाही. एकीला आपण दुरुस्ती म्हणतो. दुसरीला काय म्हणावे?

हा प्रश्न गाड्यांपेक्षा फार जुना आहे. रोमन विचारवंत सिसेरो याने इ. स. पूर्व ४४ मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यात एक माणूस घर विकायला काढतो. घराचे लाकूड वाईट आहे, खोल्यांत साप निघतात, पण हे मालकाशिवाय कोणालाच ठाऊक नाही. त्याने ते सांगावे का? डायोजेनिस नावाचा तत्त्ववेत्ता म्हणतो, घ्या असा आग्रह मालकाने कोणाला केलेला नाही, आणि न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचा शिष्य अँटिपाटर म्हणतो, न सांगणे हे वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यासारखे, किंबहुना त्याहूनही वाईट आहे. सिसेरोचा कौल अँटिपाटरच्या बाजूने पडतो.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच प्रश्न घेतला आणि त्यात विक्रेत्याचीही बाजू पाहिली. ते म्हणतात, घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर ते गिऱ्हाइकाला दिसतेच. विक्रेत्याने किंमत त्या मानाने कमी केली असेल, तर त्याने दोषाचा डांगोरा पिटण्याची गरज नाही, कारण गिऱ्हाईक वाजवीपेक्षा जास्त पैसे कापू पाहील. पण दोष लपलेला असेल आणि त्याने घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याला धोका पोहोचणार असेल, तर तो सांगितलाच पाहिजे.

गाडीला हे नेमके लागू पडते. दरवाजावरचा गंजाचा डाग उघड आहे, गिऱ्हाईक तो पाहून भाव करील. पण जिथे शॉक-अॅब्सॉर्बर बसतो तिथला पत्रा, किंवा सीटखालचा फ्लोअर लांबीने बुजवला असेल, तर तो दोष केवळ दिसण्याचा राहत नाही. त्या पत्र्यावर माणसांचा भार असतो.

यावर आपण म्हणतो, “फादर, सगळेच असे करतात. खरे सांगणाऱ्याची गाडी विकली जात नाही.” या म्हणण्यात तथ्य आहे, ते आम्ही नाकारत नाही. ज्याला मुलांची फी भरायची आहे त्याला पाच हजार रुपये कमी मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. पण ते पाच हजार नाहीसे होत नाहीत, ते दुसऱ्याच्या खिशातून जातात. आणि गंजलेली गाडी घेणारा बहुधा आपल्याहून गरीबच असतो. नवी गाडी परवडत नाही म्हणून तो आपल्या दारी आलेला असतो.

आपला कायदा काय म्हणतो? भारतीय करार कायदा, १८७२ च्या १७ व्या कलमानुसार माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणे ही फसवणूक आहे, मात्र नुसते गप्प राहणे ही सहसा फसवणूक नव्हे. कलमाखालच्या उदाहरणात एक माणूस लिलावात सदोष घोडा विकतो आणि काही बोलत नाही. कायदा त्याला फसवणूक म्हणत नाही. पण लगेच पुढचे उदाहरण येते. घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर? मग या नात्यामुळेच सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते.

घोडा तोच, दोषही तोच. बदलले ते फक्त नाते. कायदा नात्याची मर्यादा घालतो, कारण त्याला कुठेतरी थांबावे लागते. प्रत्येकाला आपल्या लेकीसारखे वागवा, असे तो कोणाला सांगू शकत नाही. आपल्याला मात्र तिथे थांबण्याचे कारण नाही. अनोळखी माणूसही त्याच रस्त्याने, चांदणी चौकाच्या त्याच उतारावरून, आपल्या लेकरांना मागे बसवून जाणार असतो.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. गंजाचे काम करताना रंगाआधी उघड्या पत्र्याचे फोटो काढून ठेवा आणि गिऱ्हाइकाला दाखवा. ज्यावर भार असतो तो पत्रा सडला असेल, तर विकण्याआधी कापून नवा बसवा. ते परवडत नसेल तर तसे सांगा आणि किंमत कमी करा. गाडी घेणाऱ्यांनी सोबत एक लहान लोहचुंबक न्यावा. जिथे लांबीचा जाड थर असतो तिथे तो नीट चिकटत नाही. आणि विकणाऱ्याने, गिऱ्हाइकाने विचारायच्या आधीच, तो चुंबक कुठे लावायचा ते आपल्या हाताने दाखवावे.

आपले धर्मगुरू