सही आणि संमती

गांधीबागेतील आमच्या गल्लीत कापडाच्या गाठी उतरू लागल्या, की दिवस उजाडला असे समजावे. मीटर येऊन कितीतरी वर्षे झाली, तरी जुन्या दुकानदारांच्या तोंडी अजून 'वार' आहे. एखादा वार इकडेतिकडे झाला तर येथे कोणी फारसे मनावर घेत नाही. घराची मोजणी निघाली, की मात्र हीच उदार माणसे इंचाइंचासाठी फीत ताणून धरतात. भिंतीच्या जाडीवरून, जिन्याखालच्या अंधाऱ्या कोनाड्यावरून सख्ख्या भावांनी एकमेकांशी अबोला धरलेला मी पाहिला आहे. आमच्याही घराची वाटणी झाली. पण भांडण झाले नाही. ह्या गोष्टीचा मला बरीच वर्षे अभिमान वाटत असे. आज लिहायचे आहे ते त्या अभिमानाविषयीच.

आई आधीच गेली होती. पुढे वडीलही गेले. मागे आम्ही दोघे भाऊ आणि धाकटी बहीण. आखीव पत्रिकेवर वारसांची नावे चढवायची वेळ आली, तेव्हा एका हितचिंतकाने सुचवले, "बहिणीचे हक्कसोडपत्र करून घ्या, म्हणजे पुढे कटकट नको." आम्हांला ते पटले. बहीण अमरावतीहून सकाळच्या गाडीने आली. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बाकावर दोन तास बसली. कागद समोर आला तेव्हा तिने एवढेच विचारले, "दादा, कुठे सही करू?" मी बोट ठेवले तेथे तिने सही केली. घरी तिची साडीचोळी झाली, जेवण झाले, आणि संध्याकाळी ती परतली. आमच्या प्रेमाची सगळ्या नातेवाइकांत वाखाणणी झाली.

आपण ख्रिस्ती लोक ज्या कायद्याखाली येतो, त्या 1925 च्या भारतीय वारसा कायद्यात मुलगा आणि मुलगी ह्यांच्या वाट्यात भेद नाही. म्हणजे त्या घराचा एक तृतीयांश वाटा तिचा होता. हे मला ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. ठाऊक होते, म्हणूनच तर हक्कसोडपत्र करावे लागले! जे कोणाचे नसतेच, ते सोडून देण्याचा कागद कोणी करीत नाही.

ही जुनी गोष्ट पुन्हा वर आली ती एका दूरच्या गावामुळे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा नावाचे गोंड आदिवासींचे गाव आहे. शेजारच्या लेखा गावाच्या नावासह त्याला 'मेंढा (लेखा)' म्हणतात. वस्ती शंभराच्या आसपास घरांची. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 साली ह्या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला तरी बांबू बाहेर नेण्याचा परवाना वनखात्याच्याच हाती होता. अखेर एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. आपल्या जंगलातला बांबू गाव स्वतः विकू लागले.

इथवरची हकिकत वर्तमानपत्रांतून पुष्कळांनी वाचली असेल. मला विचारात पाडले ते पुढच्या पावलाने. 2013 साली ह्या गावाने आपल्या खाजगी शेतजमिनीही ग्रामसभेच्या नावे करण्याचे ठरवले. विनोबांनी 1951 साली पोचमपल्लीला भूदान मागितले, त्यातून पुढे ग्रामदानाची कल्पना निघाली आणि 1964 साली महाराष्ट्राने ग्रामदानाचा कायदा केला. नंतरच्या पिढ्यांना हा कायदा जवळजवळ विस्मरणात गेला होता. मेंढ्याने तो कपाटातून काढून झटकला. ह्या कायद्यात मालकी गावाची होते. विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी निघतो. उरलेली जमीन ज्याची तोच कसतो, त्याच्या मागे त्याचे वारस कसतात. परंतु ग्रामसभेला डावलून ती परक्याला विकता येत नाही. माणसाच्या हाती नांगर राहतो. विक्रीचा निर्णय मात्र त्याच्या एकट्याचा राहत नाही.

आपल्या ख्रिस्तसभेला हा विचार नवा नाही. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी मालमत्ता बाळगणे आणि तिचा उपभोग घेणे ह्यांत फरक केला होता: सांभाळायला ती एकेकाची असावी, वापरताना मात्र ती सर्वांसाठी आहे असे समजावे. पोप लिओ तेरावे ह्यांनी 1891 साली 'रेरूम नोवारूम' ह्या विश्वपत्रात खाजगी मालकीचा हक्क ठामपणे मांडला. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी 1987 साली त्याच हक्कावर समाजाचे गहाण आहे असे सांगितले. गहाण हा शब्द आपल्याकडच्या माणसाला वेगळा समजावून सांगायला नको. घर आपले असते, पण झोप शांत लागत नाही.

तरीही मेंढ्यापासून शिकण्यासारखी मोठी गोष्ट मला मालकीत दिसत नाही. ती निर्णयाच्या रीतीत दिसते. तेथे बहुमताने ठराव होत नाही. सर्वांचे एकमत झाले तरच निर्णय होतो. एकाचेही मन वळले नाही, तर विषय पुढच्या सभेवर जातो. देवाजी तोफा ह्यांच्यासारख्या जाणत्यांनी आणि मोहन हिराबाई हिरालाल ह्यांच्यासारख्या सोबत्याने ही रीत वर्षानुवर्षे सांभाळली. शहरी माणसाला हा वेळेचा अपव्यय वाटतो. मलाही वाटला होता. पण ह्या रीतीत एक अट दडलेली आहे. जो गप्प बसला आहे त्याला बोलते करावे लागते, कारण त्याच्या मौनाचा अर्थ 'हो' असा धरून पुढे जाता येत नाही. आमच्या घरात नेमके उलटे झाले होते. बहिणीची सही होती, साक्षीदार होते, शिक्का होता. फक्त तिला कोणी काही विचारले नव्हते.

गाव एकत्र आले म्हणजे न्याय आपोआप होतो, असे मात्र मी म्हणणार नाही. इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावर बहुसंख्य लोक कॅथलिक आहेत. तेथल्या मांगगराई भागात 'लिंगको' नावाची सामूहिक शेते असत. मधोमध खुंट रोवून तेथून बाहेर वाटे पाडायचे, त्यामुळे वरून पाहिले तर शेत कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसते. दृश्य मोठे मनोहर. पण जमीन वडिलांकडून मुलाकडे जाई, लेकींकडे नाही. गोंडांच्या रूढीतही मुलींना वाटा नाही असे धरून चालण्याची वहिवाट होती. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात स्त्रीच्या वारसांना समान वाटा दिला, तेव्हा मला हळहळ वाटली. आम्ही शहरातले, शिकलेले, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारे. आमच्याकडे तर कायदा पहिल्यापासून मुलीच्या बाजूचा होता. रूढीचे निमित्तसुद्धा आम्हांला नव्हते.

बायबलमधील गणना ह्या पुस्तकात सलाफहादाच्या पाच मुली मोशेसमोर आणि साऱ्या मंडळीसमोर उभ्या राहून वडिलांचे वतन मागतात. मोशे तो प्रश्न परमेश्वरापुढे नेतो आणि मुलींचे म्हणणे रास्त ठरते. हा उतारा मी अनेकदा वाचला होता. परंतु त्या मुलींना भाऊ नव्हता, म्हणून आपल्याला तो लागू नाही, अशी सोयीस्कर समजूत मी करून घेतली होती. प्रेषितांच्या कृत्यांतील हनन्या आणि सप्पीरा ह्यांची गोष्टही मी अशीच दुसऱ्यांसाठी राखून ठेवली होती. पेत्र हनन्याला जमीन विकली म्हणून दोष देत नाही, पैसे राखले म्हणूनही देत नाही. जमीन तुझीच होती, असे तो म्हणतो. दोष आहे तो थोडे देऊन सगळे दिल्याचा आव आणण्याचा. साडीचोळीचा खर्च किती आला होता, ते मला अजून आठवते.

गेल्या महिन्यात धाकट्या भावाजवळ विषय काढला. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आता तिला विचारलेस तर ती नकोच म्हणेल." शक्य आहे. संकोचाने म्हणेल, की मनापासून म्हणेल, हे ओळखण्याइतका मी तिचा भाऊ उरलो आहे का, हाच माझा प्रश्न आहे. ह्या नाताळला ती चार दिवस येणार आहे. सिटी सर्व्हेच्या कार्यालयातून आखीव पत्रिकेची नवी नक्कल मी काढून आणली आहे. भाऊ म्हणतो, ती जेवणाआधी दाखवू नकोस.