महिनाअखेरची दोन खोकी

तासगावच्या पेठेत अण्णांचं किराणा दुकान होतं. दोन माणसं आत उभी राहिली की तिसऱ्याला पायरीवर थांबावं लागे. मी तेव्हा एका कंपनीचा सेल्समन, सांगली-तासगाव-विटा ही माझी लाइन. महिन्याची तीस तारीख होती आणि टार्गेटला थोडकं कमी पडत होतं. अण्णांना म्हणालो, "दोन खोकी बिस्किटं ठेवून घ्या, दहावर एक फ्री आहे. नाही खपली तर मी परत नेतो." अण्णा म्हणाले, "तू म्हणतोस तर ठेव बाबा." पुढच्या महिन्यात माझी लाइन बदलली. परत नेण्याचा शब्द बिलावर लिहिलेला नव्हता, त्यामुळे नव्या पोराला तो माहीत असण्याचं कारणच नव्हतं. मला इन्सेंटिव्ह मिळाला.

पुढे ती नोकरी सुटली. शेतीपंपांची एजन्सी घेतली, चार वर्षांत ती मोडली. पण त्या निमित्ताने पलूस, किर्लोस्करवाडी भागात फिरणं झालं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली, असं सांगतात. दोन वर्षं! गिऱ्हाइकाच्या मनातली भीती जायला तेवढा वेळ लागतो. मी अण्णांना दोन मिनिटंही दिली नव्हती.

एजन्सीनंतर गावात स्वतःचं दुकान टाकलं. दुसऱ्या दिवाळीआधी फळ्या झाडताना मागच्या रांगेत एक खोकं सापडलं. बोटाने धूळ पुसून तारीख पाहिली, मुदत संपून तीन महिने झाले होते. कोपऱ्यातून मुंग्यांची रांग आत गेलेली. ते कुणी भरलं, काय बोलून भरलं, सगळं आठवलं. कंपनीच्या माणसाने एक्सपायरी घ्यायला नकार दिला. बिस्किटं शेजारच्या म्हशीला घातली. अण्णांनीही तसंच केलं असेल.

गल्ल्याच्या आतल्या बाजूला बसल्यावर आपण आपोआप सुधारतो, असं मला वाटत होतं. तसं होत नाही. कंपन्यांचे चेक मी तारखेला देत होतो, कारण चेक परत गेला तर माल बंद. आणि पापड देणाऱ्या वहिनी? त्यांना "पुढच्या आठवड्यात या" असं तीन वेळा सांगितलं. त्या गल्ल्यासमोर उभ्या राहायच्या, मी वजन करत असलो तर ते संपेपर्यंत बोलायच्या नाहीत. पैसे मागताना आवाज असा खाली जायचा की जणू उसने मागताहेत. छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने नोंदणी केलेल्या छोट्या उत्पादकाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. वहिनींची नोंदणी कुठली असणार? त्यांच्याकडे एक शाळकरी वही होती आणि माझा शब्द. अण्णांकडे होता तोच.

हे कळलं त्या दिवशी मी फार अस्वस्थ झालो. ज्याच्याकडे माल बंद करायची ताकद आहे त्याला आपण वेळेवर देतो, आणि ज्याच्याकडे फक्त आपला शब्द आहे त्याला थांबवतो. उभ्या बाजारात हे चालतं आणि व्यवहार म्हणून खपतं. मला ते चोरीच्या जवळचं वाटतं.

आता शनिवारी सकाळी भवानी झाली की पहिली पाकिटं पापड, मसाले, शेवयावाल्यांची बाजूला काढतो. सेल्समनने काही परत नेईन म्हटलं की त्याच्याकडून बिलाच्या मागे लिहून, सही करून घेतो. त्यालाही त्याची आठवण राहते.

तासगावला गेलो होतो, अण्णांना त्या दोन खोक्यांचे पैसे द्यायला. त्यांनी मला ओळखलं नाही. नाव सांगितलं, कंपनी सांगितली, तेव्हा म्हणाले, "बस, चहा घे." मग फळीवरून जुनी वही काढून पानं उलटत राहिले. माझ्या नावावर त्यात काहीच लिहिलेलं नव्हतं.