माझा नंबर कितवा?

चार वर्षं मी पुण्यात घड्याळं विकली. मनगटावरची, आणि त्यातही अशी, ज्यांची किंमत सांगताना आवाज थोडा खाली आणायचा असतो. गाव माझं कामथडी, भोर तालुका, पुणे-सातारा हायवेवर, नसरापूर आणि कापूरहोळच्या शेजारी. सकाळी बाईक काढायची, खेड-शिवापूरचा टोलनाका मागं टाकायचा, कात्रजचा बोगदा ओलांडायचा आणि दहाच्या आत दुकानात. तिथं पोचल्यावर पहिलं काम म्हणजे बुटांवरची धूळ पुसणं. ज्या काउंटरवर आठ लाखांची वस्तू ठेवायची, तिथं हायवेची धूळ चालत नाही.

जानेवारी 2022 मध्ये एका दुपारी नाना दुकानात आले. आमच्या शेजारच्या वाडीतले. पांढरा सदरा, लेंगा, टोपी. वॉचमनने दार उघडलं, पण उघडायच्या आधी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

“तू कामथडीचाच ना रं?” नाना म्हणाले. “बरं झालं, आपला माणूस भेटला.”

हायवेलगतची जमीन त्यांनी गोदामवाल्याला दिली होती. पैसे आले होते. पोरं म्हणत होती, मोठी गाडी घेऊ. नानांना ते पटत नव्हतं. “गाडी काय, धा वर्सांत भंगार. म्हणलं एक चांगलं घड्याळ घ्यावं. माझ्या हातात, मग नातवाच्या हातात. जमीन तर गेली. तिचं काहीतरी घरात राह्यला पायजे की नाय?” मोबाइलमधला फोटो दाखवून म्हणाले, “हे. चेकनं देतो.”

ते घड्याळ त्या वेळी आमच्या तिजोरीत होतं.

“सध्या नाहीये, नाना,” मी म्हणालो. “नाव लिहून घेतो. आलं की कळवतो.”

नानांनी नाव सांगितलं, फोन नंबर सांगितला, आणि मग अगदी सहज विचारलं, “मग माझा नंबर कितवा?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या यादीला नंबरच नव्हते.

नानांना हा प्रश्न का सुचला, हे समजायला थोडं मागं जावं लागेल. त्यांच्या तरुणपणी पुण्याजवळ आकुर्डीला बजाजच्या स्कूटर बनत होत्या, तरी पुणेकरालासुद्धा स्कूटरसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. पैसे भरायचे, पावती घ्यायची आणि वाट बघायची. कुणाच्या नंबराला आठ वर्षं लागली, कुणाच्या दहा. नंबर लागला की काहीजण तीच स्कूटर जास्त पैसे घेऊन, म्हणजे ‘ऑन’ घेऊन, दुसऱ्याला देऊन टाकायचे. घड्याळांचंही फार वेगळं नव्हतं. सरकारच्या एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बंगळूरला मनगटी घड्याळं बनवायला सुरुवात केली. ‘जनता’, ‘पायलट’ ही त्यांची नावं आजही जुन्या लोकांच्या तोंडी आहेत. लग्नात जावयाला एचएमटी मिळालं म्हणजे सोयरीक चांगली झाली. ज्यांना परदेशी हवं असायचं, त्यांच्यासाठी मुंबईत चोरून आलेला माल असायचाच.

त्या काळाला आपण टंचाईचा काळ म्हणतो आणि हसतो. हसावं असं त्यात पुष्कळ होतंही. पण त्या रांगेत एक गोष्ट होती. पावतीवर आकडा होता. तुमच्या पुढे किती आणि मागे किती, हे निदान कागदावर ठरलेलं होतं. कुणी मध्ये घुसलं तर ‘घुसला’ असं म्हणता येत होतं, कारण घुसण्यासाठी आधी रांग असावी लागते.

आमच्या दुकानात होती ती यादी. रांग आणि यादी या दोन गोष्टींतला फरक मला नानांच्या त्या एका प्रश्नाने कळला. रांगेत तुम्ही कोण आहात यापेक्षा तुम्ही कधी आलात हे महत्त्वाचं. यादीत तुम्ही कधी आलात याला काही अर्थ नाही, तुम्ही कोण आहात ते दुसरा कुणीतरी ठरवतो. आणि कशावरून ठरवतो, ते तुम्हाला सांगत नाही.

2020 ते 2022 या काळात जगभर हेच चाललं होतं. कोविडमध्ये स्वित्झर्लंडचे कारखाने काही आठवडे बंद राहिले. दुसरीकडे घरी बसलेल्या लोकांच्या हातात शेअर बाजाराचा आणि क्रिप्टोचा पैसा खुळखुळत होता. स्टीलची काही घड्याळं दुकानातल्या किमतीच्या दुप्पट, कधी त्याहूनही जास्त भावानं बाहेर विकली जात होती. पाटेक फिलिपने ‘नॉटिलस 5711’ हे मॉडेल 2021 मध्ये बंद करायचं ठरवलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याच मॉडेलचं टिफनीच्या निळ्या रंगाचं एक घड्याळ सुमारे 65 लाख डॉलरला गेलं. परदेशातल्या रोलेक्सच्या दुकानांत काचेमागच्या घड्याळांजवळ ‘फक्त पाहण्यासाठी’ अशा अर्थाच्या पाट्या दिसू लागल्या. दुकान आहे, घड्याळ आहे, तुमच्याकडे पैसे आहेत, आणि तरीही विक्री नाही.

दुकानदाराची बाजू मी आतून पाहिली आहे, म्हणून तीही सांगतो. कंपनी वर्षाला मोजकीच घड्याळं देते. ती पहिल्या येणाऱ्याला दिली, तर तो माणूस दुसऱ्या दिवशी दुप्पट भावानं विकून मोकळा होतो. ज्याला घड्याळाची खरी आवड आहे, त्याच्यापर्यंत ते पोचतच नाही. म्हणून निवड करावी लागते. ऐकायला हे अगदी न्याय्य वाटतं, आणि त्यात तथ्यही आहे. आंधळ्या रांगेत दलालच सगळ्यात पुढे उभा राहतो, हे स्कूटरच्या काळातही दिसलं होतंच.

प्रश्न हा आहे की आम्ही निवड कशावर केली? आवडीवर? त्या दिवशी संध्याकाळी नानांनी मागितलेलं घड्याळ तिजोरीतून निघालं आणि एका जुन्या गिऱ्हाइकाला गेलं. त्या माणसाने वर्षभरात आमच्याकडून न खपणारी दोन घड्याळं आणि एक हिऱ्यांचा हार घेतला होता. घड्याळात त्याने फक्त बॉक्स आणि कागदपत्रं नीट आहेत का, एवढंच पाहिलं. उलट नाना. ते घड्याळ नातवापर्यंत जावं म्हणून घेणारा माणूस, जो ते आयुष्यात विकणार नव्हता. ‘खऱ्या आवडीच्या माणसासाठी राखून ठेवतो’ हे तत्त्व खरं असतं, तर त्या दुपारी आमच्या दुकानात त्यांच्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता.

मायकेल सँडेल या अमेरिकन विचारवंताने 2012 च्या आपल्या एका पुस्तकाची सुरुवातच रांग मोडण्याच्या धंद्यापासून केली आहे. रांगेच्या जागी पैसा आला की फक्त वाटप बदलत नाही, त्या वस्तूकडे आणि एकमेकांकडे पाहण्याची आपली नजर बदलते, असा त्याचा मुद्दा. केतकावळ्याच्या बालाजीला रविवारी गर्दीत उभं राहिलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको. सगळे एकाच रांगेत तापत असतात तेव्हा त्रास असतो, अपमान नसतो. बाजूच्या दारातून कुणी आत गेलं की तोच त्रास अपमान होतो.

पुण्यातल्या दुकानदारांवर इतके विनोद झाले आहेत, ‘दुपारी 1 ते 4 बंद’च्या पाटीवर तर विचारूच नका. पण त्या पाटीचं एक आहे. ती कलेक्टरलाही लागू असते आणि हमालालाही. तो खेकसतो, पण सगळ्यांवर सारखाच. आमच्या दुकानात कुणी खेकसत नव्हतं. आम्ही हसून, पाणी देऊन, थंडगार आवाजात माणसं निवडत होतो.

मग वारं फिरलं. 2022 च्या वसंतानंतर जगभर व्याजदर चढले, क्रिप्टो आपटलं, आणि ज्या घड्याळांचे भाव फुगले होते ते खाली येऊ लागले. सगळ्यांचेच नाही. काही मॉडेलांसाठी आजही थांबावं लागतं. पण बाहेर दुप्पट भाव मिळेल म्हणून घेणारे नाहीसे झाले, आणि दुकानांचा सूर बदलला. डिसेंबर 2022 मध्ये खुद्द रोलेक्सने जुनी घड्याळं प्रमाणपत्र देऊन विकण्याची योजना आणली. आपल्याकडे मार्च 2024 मध्ये भारताचा स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांशी व्यापार करार झाला. स्विस घड्याळांवरचं 20 टक्के आयात शुल्क टप्प्याटप्प्यानं जाणार, ही बातमी गिऱ्हाइकांनी आमच्याआधी वाचली. “थांबतो की, स्वस्त होणार आहेत ना?” असं लोक म्हणू लागले. आता वाट पाहण्याची पाळी आमची होती.

2024 च्या उन्हाळ्यात मॅनेजरने जुनी यादी माझ्यापुढे ठेवली. सगळ्यांना फोन कर म्हणाला. ज्या यादीत दोन वर्षं कुणी बोट घातलं नव्हतं, तीच यादी अचानक दुकानाची पुंजी झाली. मी नानांना फोन लावला. आणि काय बोललो ते मला अजून आठवतं, कारण कुणी शिकवलेलं नसताना मी ते बोललो.

“नाना, तुमचा नंबर लागला.”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, “नंबर लागला, का गिऱ्हाइक कमी झालं?”

मला हसू आलं नाही. पुढच्या रविवारी त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर बसलो, चहा आला. त्यांच्या हातात लग्नातलं एचएमटी होतं. ती कंपनी बंद करायचा निर्णय सरकारने 2016 मध्ये घेतला, त्यांचं घड्याळ मात्र रोज सकाळी चावी दिली की चालत होतं. नानांनी एकच विचारलं, “त्या दिशी व्हतं का रं घड्याळ?”

मी “हो” म्हणालो.

ते चिडले नाहीत, याचं मला जास्त वाईट वाटलं. म्हणाले, “तुमचं दुकान, तुमचा माल. देत नाय म्हणायचं. मला राग आला असता, पण मी दुसरीकडं गेलो असतो. तू म्हणलास, नाहीये.”

‘देत नाही’ आणि ‘नाहीये’. या दोन शब्दांवर मी तेव्हापासून विचार करतो आहे. माझे वडील इंद्रायणी पिकवतात. त्यातली काही पोती दरवर्षी पुण्यातल्या ठरलेल्या घरांसाठी बाजूला ठेवलेली असतात. हायवेवरून कुणी गाडी थांबवून तांदूळ मागितला, तर वडील पोत्याकडे बोट दाखवून म्हणतात, “हा ठरलेल्या घरांचा आहे, हा देणार नाही. तो पलीकडचा घ्या.” तीही निवडच आहे. त्यातही ओळखीच्याला झुकतं माप आहे. पण समोरच्याला काय चाललंय ते कळतं. तो भांडू शकतो, जास्त भाव देऊ करू शकतो, किंवा गाडीत बसून निघून जाऊ शकतो.

मला वाटतं, विकणाऱ्याला नाकारण्याचा हक्क आहे. ओळखीच्या माणसाला आधी देण्यातही मी पाप मानत नाही, सगळं गाव त्यावर चालतं. पण कारण लपवून नाकारणं ही वेगळी गोष्ट आहे. मी नानांना घड्याळ दिलं नाही, हा व्यवहार झाला. पण खरं काय ते सांगितलं नाही, तेव्हा मी त्यांच्याकडून त्यांचा निर्णय काढून घेतला. त्यांना दोन वर्षं एका नसलेल्या रांगेत उभं केलं. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने 1785 मध्ये वस्तूची किंमत आणि माणसाची प्रतिष्ठा यांत भेद केला होता. किंमत असलेल्या गोष्टीच्या जागी दुसरी काही ठेवता येते, प्रतिष्ठेच्या जागी काही ठेवता येत नाही. घड्याळाचा भाव चढतो, उतरतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या दुकानात घड्याळाबरोबर नानांचाही भाव चढत-उतरत होता. 2022 मध्ये ते कमी होते म्हणून ‘कळवतो’, आणि 2024 मध्ये लाख मोलाचे झाले म्हणून ‘नंबर लागला’. दोन्ही वेळा नाना तेच होते.

नानांनी घड्याळ घेतलं नाही. त्या पैशांतून नातवाच्या नावावर काहीतरी ठेवलं म्हणतात, मी खोलात विचारलं नाही.

मी ते दुकान सोडलं, धंदा सोडला नाही. आता जुन्या घड्याळांच्या एका छोट्या दुकानात आहे. मालकाला पहिल्याच दिवशी सांगितलं, असेल तर असं म्हणेन, द्यायचं नसेल तर देत नाही म्हणेन. तो म्हणाला, बघू. त्यामुळे दोन-तीन गिऱ्हाइकं तणतणत गेली आहेत, आणि महिनाअखेरीला त्याचा हिशेब मलाच द्यावा लागतो.

पण हे लिहिताना एक गोष्ट कबूल करायला हवी. नानांना मी खरं सांगितलं, ते आमच्या गावाकडचे होते म्हणून. उद्या हायवेवर, एसटी स्टँडवर, कुणाच्या लग्नात त्यांचं तोंड बघावं लागणार होतं म्हणून. त्या यादीत शंभरेक नावं होती. बाकीच्यांनाही मी त्याच आठवड्यात फोन केले होते, आणि त्या सगळ्यांना तेच वाक्य बोललो होतो. त्यातल्या कुणालाही मी अजून खरं सांगितलेलं नाही.