मतदाराची शपथ

पैसे वाटून मत विकत घेणें वाईट, हें सांगण्यास निबंधाची गरज नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें देणारा व घेणारा दोघेहि दोषी आहेत. विचार करण्याजोगा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ज्या मतदारानें पाकीट घेतलें आणि देवाचा भंडारा उचलून अमक्यालाच मत देण्याचा शब्द दिला, त्यानें मतदानाच्या पडद्याआड तो शब्द पाळावा कीं मोडावा?

मावळासारख्या मुलखांत हा प्रश्न पोथींतला राहत नाहीं. लोणावळा, तळेगांव दाभाडे अशीं गजबजलेलीं शहरें आणि आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ या खोऱ्यांतील भातशेतीचीं गांवें येथें विधानसभेच्या एकाच मतदारसंघांत येतात. कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरा आहे. कोर्टांतल्या शपथेला येथील माणूस जितका भितो, त्याच्या दसपट तो भंडाऱ्याच्या शपथेला भितो. आम्ही कोणा एका पक्षाकडे वा उमेदवाराकडे बोट दाखवीत नाहीं. हा प्रकार साऱ्या महाराष्ट्रांत कानावर येतो.

सत्यवचनाचे अभिमानी म्हणतील, शब्द तो शब्द. हरिश्चंद्रानें स्वप्नांत दिलेलें दानहि खरें केलें, मग जागेपणीं दिलेलें वचन कसें मोडावें? परंतु हरिश्चंद्रानें जें दिलें तें त्याचें स्वतःचें होतें. मत हें मतदाराचें स्वतःचें आहे काय? इंग्रज तत्त्वज्ञ मिल यानें १८६१ सालीं असें प्रतिपादिलें कीं, मत ही मालमत्ता नव्हे, ती ठेव आहे. ती ज्याच्या हातीं आहे त्यानें सर्वांच्या हिताकडे पाहून वापरावयाची असते. येथपर्यंत मिल आम्हांस मान्य आहे. यावरून मत उघडपणें द्यावें असें जें अनुमान त्यानें काढलें, तें मात्र मान्य नाहीं. ज्याची मजुरी गांवच्या ठेकेदाराच्या हातीं आहे, त्यानें उघड मत देणें म्हणजे ठेकेदाराचेंच मत देणें होय. इंग्लंडनेंहि १८७२ सालीं गुप्त मतदानच स्वीकारलें.

ठेव आपली नसेल, तर ती विकण्याचा शब्द देण्याचा अधिकारहि आपला नव्हे. शेजाऱ्यानें सांभाळावयास दिलेली गाय विकण्याचें वचन कोणी दिलें, तर तें मोडणें हाच धर्म होय. शिवाय मताचा स्वभावच असा कीं, कळ दाबीपर्यंत तें बदलतां आलें पाहिजे. २००९ व २०१४ सालीं मावळनें भारतीय जनता पक्षाचा आमदार निवडला. २०१९ सालीं तो कौल फिरवून राष्ट्रवादी काँग्रेसला दिला, आणि २०२४ सालीं तोच आमदार पुन्हा निवडला. हा फेर बरा कीं वाईट, हा येथें प्रश्न नाहीं. कौल फिरवतां येतो यांतच मताची सारी किंमत आहे. शपथ नेमकी तीच काढून घेते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमानें लाचेबरोबरच, देवाचा कोप होईल असें मतदारास भासविणें हाहि गैर दबाव ठरविला आहे, तो उगाच नव्हे.

इमानाची परंपरा मावळांत जुनी आहे, असें कोणी म्हणेल. आहेच. १६५९ सालीं अफझलखान चालून आला, तेव्हां कान्होजी जेधे यांनीं वतनावर पाणी सोडून शिवाजी महाराजांशी इमान राखलें. तेथें शब्द देणारानें आपलें सर्वस्व सोडलें. येथें शब्द देणाराच्या हातांत नोटा ठेवल्या जातात.

तरीहि शब्द मोडणाराचे हात स्वच्छ राहतात, असें आम्ही म्हणणार नाहीं. पैसे एकाचे आणि मत दुसऱ्यास, यांत शहाणपण मानण्याची रीत आम्हांस रुचत नाहीं. एक खोटें दुसऱ्या खोट्यानें धुतलें जात नाहीं. पण दोषाची वांटणी नीट केली पाहिजे. लबाड मतदारावर शपथ चालत नाहीं. तो चार ठिकाणीं भंडारा उचलतो आणि सुखानें झोंपतो. शपथ चालते ती प्रामाणिकावर. भाताच्या खाचरांत राबणारी एखादी म्हातारी मनांतून दुसऱ्याच उमेदवाराला योग्य मानते, आणि केवळ देवाला भिऊन नको त्याची कळ दाबून घरीं येते. हा व्यापार लोकांच्या अप्रामाणिकपणावर चालतो, असें शहरांतले लोक समजतात. खरें पाहतां तो त्यांच्या प्रामाणिकपणावर चालतो. म्हणून नुसत्या लाचेपेक्षां हें पाप मोठें. १९३७ सालच्या निवडणुकींत मताचा हक्क सारा, मालमत्ता, शिक्षण अशा कसोट्यांवर मिळे. १९५१-५२ पासून तो प्रत्येक प्रौढास मिळाला. राज्यघटनेनें म्हातारीला जें दिलें, तें देवाला मध्यस्थ घालून परत घेतलें जात आहे.

तेव्हां आमचें उत्तर असें: ती शपथ बांधीत नाहीं. घेतलेला पैसा परत करतां येत असेल तर करावा, नसेल तर त्याची लाज बाळगावी. पण मत आपल्या बुद्धीला पटेल तेथेंच द्यावें. मात्र आमच्यासारख्या प्राध्यापकानें सांगून हें म्हातारीला पटणार नाहीं. ज्याच्या तोंडून देवाचें नांव तिला खरें वाटतें, त्या पुजाऱ्यानें वा कीर्तनकारानें तें सांगावें. आणि निवडणुकीच्या पंधरवड्यांत भंडाऱ्याचें ताट देवळाबाहेर जाऊं देऊं नये.